केसतूड

मेयोच्या तळमजल्यावर कूलर नुसता खडखडतो.
एप्रिल सरत आलाय, रात्रीचे दोन,
तरी काचपट्टीवरचा पू पसरता पसरता वाळतो.
ज्योतीची गरजच नाही खरं तर.
तीनदा फिरवते तरीही. सवय.

नमुना मानेवरचा. गोवर्धन हेडाऊ, वय अठ्ठेचाळीस,
कळमन्यात हमाली.
खोक्याचा खिळा लागला की संत्र्याचा काटा, आठवत नाही त्याला.
कॅज्युअल्टीत चीर देऊन आला आणि बाकावर बसला,
माझ्याकडे न बघता, कारण मान वळतच नव्हती.
"तिसऱ्यांदा झालं म्याडम.
कौतिकेनं जवसाचं पोटीस बांधलं, कांदा भाजून लावला.
काऊन वापस वापस येते हे?"

तेलाचा थेंब. भिंग खाली.
पुस्तक म्हणतं, द्राक्षांसारखे घड.
नाशिककडच्या कोणी लिहिलं असेल.
मला दिसतात जांभळं,
झाडाखाली पडून फरशीला डाग देणारी.
आणि भोवती त्या गुलाबी पेशी, फाटलेल्या,
पोटात तीन-तीन पाकळ्यांचं केंद्रक घेऊन.
मोजणं मी कधीच सोडलंय.

कॉलेजात सर सांगायचे : सैनिक, किल्ला, तटबंदी.
मला पटलं नाही.
सैनिकाला पेन्शन असते.
ह्या रोजंदारीवरच्या.
हाडांच्या पोकळीतून निघायचं, रक्ताच्या रस्त्याने वाहायचं,
हाक आली तिथे भिंतीला घासत घासत थांबायचं
आणि अंग चपटं करून
दोन विटांच्या फटीतून बाहेर.
ट्रक लागला की कळमन्यात माणसं येतात तशा, झोपेतून उठून.
रस्ता आधीच कोणीतरी रुंद करून ठेवलेला,
म्हणून ती लाली. म्हणून ठणका, म्हणून हात लावला की चटका,
म्हणून कानामागे अवधाण.
आपण ज्याला दुखणं म्हणतो
ती ह्यांच्या येण्याची गर्दी.

गिळतात. गिळलेलं कधी पचतं, कधी आतच फुटतं.
काही जणी शेवटी
स्वतःचंच सूत उसवतात,
जन्माचा सगळा मजकूर ज्यात, ते सूत,
आणि जाळं करून फेकतात.
गोवर्धनच्या आजापर्यंत घरी माग होता, गोळीबार चौकात.
सूत उसवणं म्हणजे काय
हे त्याला मी सांगायची गरज नाही.

मग भोवती कुंपण पडतं.
कोणी घातलं? आपणही. त्यांनीही.
आत कोंडलेल्या पेशींचं आयुष्य एक दिवस, फार तर दोन.
त्यानंतर हे पिवळं,
ज्याला बघून आपण नाक मुरडतो.

काऊन वापस येते?
गोवर एकदा येऊन गेला की शरीर जन्मभर लक्षात ठेवतं, गोवर्धनभाऊ.
ह्याची नोंद मात्र नीट राहत नाही.
हे तुमच्याच नाकात राहतं बहुधा, बारमाही, भाडं न देता.
ओळखीचं होऊन बसलंय.
दर वेळी नवे हात लागतात, पहिल्यापासून.

यातलं काहीच बोलले नाही मी.
म्हटलं, साखर तपासून घ्या, आणि टॉवेल कोणाचा वापरू नका.
तो म्हणाला, "होय ना,"
आणि मान धरून उठला. चारला गाडी लागणार होती.
पोतं दुसऱ्या खांद्यावर घेईन, म्हणाला.

फॉर्मवर एक चौकट आहे, बोटभर.
पस सेल्स : प्लेंटी.
तिच्यात एवढंच मावतं.

बोळा पिवळ्या पिशवीत.
हात धुते, जरा जास्त वेळ.
सकाळच्या पाळीचा झिंगरे दारातूनच विचारतो,
"किती झाले?"
नमुन्यांचं विचारतोय तो.
"भरपूर," म्हणते.