ऐंशी पिढ्या

ओहोटी असली की संध्याकाळी मी सागर विहारला येते.
खाडी तेव्हा काही झाकत नाही:
चिखल, निवट्या, कुणाची तरी एका पायाची चप्पल,
आणि पलीकडे ट्रॉम्बेचा डोंगर, त्याखाली घुमट.
एकतीस वर्षं मी त्या काठावरून वाशीकडे पाहिलं,
आता वाशीवरून तिकडे पाहते.
अंतर तेवढंच आहे.

शेजारची तन्मयी बारावीत आहे. काल विचारत होती,
मावशी, साखळी अभिक्रियेत ‘पिढी’ का म्हणतात?
मी सांगितलं: एक न्यूट्रॉन गाभा फोडतो,
त्यातून दोन-तीन सुटतात, ते पुढचे फोडतात.
ही झाली एक पिढी. वेळ, दहा नॅनोसेकंद.
ह्या वेळेला आमच्यात नाव आहे, ‘शेक’:
कोकराने एकदा शेपूट हलवावं, तेवढा.
ती हसली. चोविसाव्या वर्षी मीही हसले होते.
शहर पुसायला अशा साधारण ऐंशी पिढ्या पुरतात
आणि जवळजवळ सगळी ऊर्जा येते
शेवटच्या सहा-सातांत.
(आधीच्या सत्तर काय करतात?
वाढत असतात. कुणाला ऊबसुद्धा लागत नाही.)
हे कंसातलं मी तिला सांगितलं नाही.

माझ्याकडे फक्त एक धातू होता.
दाब वाढला की तो किती आकसतो, एवढंच.
कसला दाब, ते टेबलावर कुणी मांडलं नाही
आणि मी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू,
माहीत होतं.
वक्र रेषा बिंदूंवरून नेमकी गेली त्या रात्री
मी रिकाम्या कॉरिडॉरमध्ये एकटीच येरझारा घालत होते,
पाय जमिनीला लागत नव्हते.
ते सुंदर होतं.
अजूनही आहे. अडचण तीच आहे.

दिघावकर शेजारच्या टेबलावर बसायचा.
एका सोमवारी त्याने पेन्सिली गोळा केल्या
आणि कांद्यांकडे गेला.
गॅमा किरण मारून कोंब थांबवायचे, म्हणजे कांदा टिकतो.
आम्ही चिक्कार चेष्टा केली.
तो म्हणाला, माझा हिशोब चुकला तर कांदा सडेल.
तुमचा बरोबर आला तर?
चहावर साय धरली. मग कुणीतरी क्रिकेट काढलं.

वाळवंटात जमीन हलली त्या दिवशी पेढे वाटले.
मी दोन खाल्ले.
दिघावकरने एक घेतला, कागदात गुंडाळून खिशात ठेवला.
कुणासाठी, विचारायचं राहिलं. आता तो नाही.

लोक म्हणतात, शेजाऱ्याकडे आहे म्हणून आपल्याकडे हवा.
ह्याला चोख उत्तर मी शोधलं. मिळालं नाही.
एवढंच दिसतं की शेजाऱ्याकडेही एक बाई असेल,
निवृत्त, गुडघे धरलेली,
कुठल्याशा पाण्याकाठी बसलेली,
आणि एका रात्री तिचीही रेषा नेमकी गेली असेल.

बामा नाखवा होडी चिखलातून ओढत आणतो.
टोपलीत मूठभर निवट्या, बाकी प्लास्टिक.
“बाय, तुमी शिकलेली मानसं. म्हावरा कुठं गेला?”
त्याचं बोट घुमटाकडे नसतं, मोघम असतं, सगळीकडे.
मी म्हणते: भराव, कारखाने, पूल.
सगळं खरं.
खरं बोलायची मला सवय आहे, तुकड्यातुकड्यांत.

फोन वाजतो. तन्मयी:
मावशी, एकदा सुरू झाली की मधेच थांबवता येते का?
आणि हे परीक्षेला येईल का?

‘परीक्षेला नाही’ एवढं लिहिते. खोडते.
पुन्हा लिहायला घेते
तोवर पाणी परत यायला लागलेलं असतं,
आधी निवट्यांच्या बिळांत,
मग त्या चपलेत.
चप्पल जराशी उचलली जाते, वळते.
कुठल्या बाजूला, ते मी बघत बसते.