दहावं घर

अपिलाच्या दिवशी मला कोर्टात नेलंच नाही.
स्वॉन्झीच्या तुरुंगातली खोली, खुर्ची, पडदा,
पडद्यावर लंडनचे तीन न्यायाधीश, अंगठ्याएवढे.
मधला बोलला की आवाज आधी यायचा,
ओठ मागून.

नऊ घरफोड्या. सहा वर्षं.
माझी वकील मिस प्रोथेरो उभी राहिली:
सगळं मिळून शिक्षा जास्त होते,
कुणाला इजा नाही, गुन्हा कबूल केलाय,
आणि (पान उलटलं, परत उलटलं)
प्रॉबर्टच्या बाजूनं सांगण्यासारखं
आणखी काही नाही.

होतं.
मम्बल्सच्या चढावर, फेब्रुवारीत,
मागच्या दारानं शिरलो तर
शेगडी चालू, पातेलं आटून काळं ठिक्कर,
आणि म्हातारी खुर्चीत घोरतेय, चष्म्यासकट.
मी गॅस बंद केला. खिडकी उघडली.
पातेल्यात पाणी ओतलं, केवढ्यांदा चर्र झालं,
तरी ती हलली नाही.
श्वास चालू आहे ना, ते वाकून पाहिलं.
मग चहाच्या डब्यातल्या नोटा घेतल्या.
घेतल्याच.

पण ते दहावं घर.
कागदावर नऊ आहेत.

चार महिने कमी झाले.
मी थँक्यू म्हणालो, माझा माइक बंद होता.
पडदा निळा झाला.

रात्री बराकीत कुणीतरी खोकत राहतं
आणि मला ती दिसते:
गॅस आपणच उठून बंद केला असणार,
असं शेजारणीला सांगणारी,
आणि पैसे कुठं ठेवले ते आठवेना म्हणून
एकेक डबा पुन्हा पुन्हा उघडणारी.