निळ्या जागेवरची टेकडी

उणे एकतीस.
सास्काटूनच्या पूर्वेला, जिथे गव्हाची शेतं संपतात
आणि दुकानं सुरू होतात,
तिथे ही आमची तिसरी फेरी.
ओरेस्ट गाडी हाकतोय, मी शेजारी बसून
निळ्या पाट्या मोजतेय.
सहा आहेत. पाटीवरची ती पांढरी खुर्ची
गळ्यापर्यंत बुडालेली.
पाट्यांखाली जागा नाहीत. टेकडी आहे.
अख्ख्या मैदानाचा बर्फ रातोरात
इथे आणून लोटलाय कुणीतरी,
आणि एक पोरगं डब्याच्या झाकणावर बसून
तिच्यावरून घसरतंय.

मला बूट घ्यायचेत.
हसायचं तर हसा. न चालणारीचेही पाय गारठतात.
आत्ताचे अकरा वर्षांचे आहेत,
तळवे कोरे करकरीत, आणि वरचं कातडं
पावलांच्या पट्टीला घासून घासून फाटलेलं.
मी उलटी झिजते.

ह्या बाजाराला छप्पर नाही.
औषधं इथे, बूट पार तिकडे,
मध्ये चार पदरी रस्ता, फुटपाथ नावालाही नाही.
ज्याने हे आखलं त्याला वाटलं असावं
माणूस जन्मतोच चाकांवर.
मग मी तर त्याची लाडकी लेक शोभले असते!
पण मागच्या मार्चमध्ये त्या दुभाजकाशी
माझं पुढचं चाक रुतलं,
आणि सव्वीस गाड्यांनी मला शिस्तीत वळसा घातला.
एकीने तर हातही हलवला.

"ऑफिसला फोन लाव," मी म्हटलं.
ओरेस्ट गप्प.
"कोण गाढव आहे रे, इथे बर्फ टाकणारा?
मैदान काय लहान आहे?"
त्याने वायपर एकदा फिरवले. काच कोरडीच होती.
मग म्हणाला,
"रात्री तीनला ह्या सहा जागा रिकाम्या असतात.
मागे नळ नाही, खांब नाही.
एका दमात लोटता येतं."

"तुला रे काय माहीत?"
"एकोणीस हिवाळे, ओरिसिया."

हो की.
बर्फाची गाडी चालवायचा, हे मला का ठाऊक नव्हतं?
कोबीच्या गुंडाळ्यांचा डबा मीच भरायचे,
पहाटे मिशीवरचं दव मीच पुसायचे,
झोपेतही गाडी मागे घेताना तो पिप् पिप् करायचा
तेव्हा मीच कोपर मारायचे.
फक्त बर्फ कुठे टाकतोस,
हे कधी विचारलं नव्हतं.
तेव्हा मी पळत जाऊन बस पकडायचे.
रस्ता सकाळी मोकळा असायचा, बस्स.

आता तो डिकीतलं फावडं काढतोय.
घरची पायरी साफ करायचं, पिवळं, प्लास्टिकचं.
वय चौऱ्याहत्तर, हृदयात दोन जाळ्या,
टेकडी दोन पुरुष उंच.
मी हॉर्न दाबला. पुन्हा दाबला.
कॉफीच्या रांगेतल्या चार माना वळल्या,
ह्याची तेवढी नाही.

पोरगं मात्र तरातरा खाली आलं,
झाकण काखेत, नाक लाल.
काच बंद, तरी मला ऐकू आलं:
"ओ, ही माझी आहे!"

ओरेस्ट फावड्यावर रेलला. काहीतरी सांगू लागला,
हात पाटीकडे, मग गाडीकडे, मग,
मला वाटतं, स्वतःकडे.
बराच वेळ. तोंडातून वाफाच वाफा.
पोराने मला न्याहाळलं,
पाटीवरच्या खुर्चीला न्याहाळलं,
पुन्हा मला.
मग टेकडीला एक चक्कर मारून आलं
आणि घसरगुंडीच्या उलट्या अंगाला,
शेवटच्या पाटीखाली,
टाचेने एक रेघ ओढली:
इथून काढा. एवढंच.

मी हीटरचं तोंड पायांकडे वळवलं
आणि त्या रेघेची रुंदी डोळ्यांनी मापू लागले.
दार उघडेल. खुर्ची उतरणार नाही.
काच खाली केली.
"अजून दोन हात," मी ओरडले,
"डावीकडे!"