आरसा कुणी हलवला

तुर्भ्याच्या शोरूममध्ये आधी मी लाल गाडीवर बसलो.
दोनशे सीसी, टाकी बैलाच्या वशिंडासारखी,
आणि पाच मिनिटं माझं पोट आत राहिलं.
सेल्समन पोरानं फोटो काढला.
हर्षला म्हणाली, छान दिसतोयस. आता उतर.

मग ती चढली. डाव्या पायाचा अंगठा तेवढा टेकला,
उजवा हवेत, ट्यूबलाइट बदलताना असतो तसा.
पोरगा म्हणाला, मॅडमसाठी स्कूटर वरच्या मजल्यावर आहेत.
ती म्हणाली, मॅडमला गिअर हवेत.

मला हे माहीत नव्हतं.
उरणला, मिठागराच्या बांधावर,
मामाच्या गाडीवर ती दुसऱ्या गिअरपर्यंत शिकली होती.
मग लग्न ठरलं, तिसरा राहून गेला.
एकोणीस वर्षांत विषयच निघाला नव्हता.

आम्ही मोजपट्टी मागितली.
घरातले सगळ्यांत आखूड पाय ज्याचे,
त्याचं मत दोनदा मोजायचं, असं ठरलं,
आणि निघाली ती राखाडी. एकशे दहा.
सिग्नलला कुणी वळून बघणार नाही अशी.
पूर्ण चेनकव्हर, किकसुद्धा, साडीगार्ड फुकट.
आईनं मागं एका अंगावर बसून पाहिलं,
पर्स मांडीवर, बँकेत नंबर यायची वाट बघतात तशी,
आणि म्हणाली, चालेल.
लिटरला पासष्ट जाते म्हणाले होते.
आम्हाला बावन्न मिळतात. तेही चालतात.

सकाळची गाडी माझी,
कोपरखैरण्याहून रबाळे, डब्याची पिशवी हुकाला.
संध्याकाळी सातनंतर तिची,
ऐरोलीच्या लॅबमध्ये रात्रपाळी,
लोकांचं रक्त नळ्यांतून लावून ठेवायचं.
किल्ली फ्रिजवर.
आठवड्यातले पाच दिवस आमची भेट अशी :
खाली उतरून सायलेन्सरजवळ हात न्यायचा, न लावता.
ऊब असली तर ती आत्ताच वर गेली,
बहुतेक मागच्या लिफ्टनं.

आणि आरसे.
ती चार फूट अकरा, मी पाच दहा.
तिनं लावलेल्या आरशात मला नुसतं डांबर दिसतं,
मी लावलेल्यात तिला नुसतं आकाश.
पहिला महिना यावरून भांडलो.
आरसा कुणी हलवला?
गाडी चालवणारी माणसं घरात दोन,
तरी प्रश्न असा, जणू चोर सापडायचाय.

एका रविवारी ती म्हणाली, तू मागं बस.
पामबीचला लागलो. मला हात कुठं ठेवावे कळेना.
इतकी वर्षं तिचा हात माझ्या खांद्यावर असायचा,
तो तिथं कसा पोचला, पहिल्यांदा काय धरलं होतं तिनं,
कधी विचारलं नाही.
मी मागची दांडी धरली.
सानपाड्याच्या सिग्नलला तिनं ब्रेक मारला,
माझं हेल्मेट तिच्या हेल्मेटवर टक्.
सारसोळ्याला पुन्हा टक्.
नेरूळला ती न वळता म्हणाली,
काय रे, दार वाजवतोयस?

पुढं रस्ता मोकळा झाला, डाव्या हाताला इमारती,
उजवीकडं खारफुटी, आणि तिनं तिसरा टाकला.
कुठंही हिसका नाही.
मी आजवर तो पाहिलाच नव्हता.

मुक्ताला मार्चमध्ये अठरावं लागेल... चुकलो, पुरं होईल.
आत्तापासून ती पार्किंगमध्ये जाऊन बसते,
गाडी स्टँडवर, किल्ली नाही, तोंडानं आवाजही नाही,
एवढी ती मोठी झालीये.
आज सकाळी आरशात डांबर नव्हतं, आकाशही नाही.
गेटचा खालचा अर्धा भाग,
वॉचमनची खुर्ची, खुर्चीखाली त्याच्या चपला.

हात वर गेला होता, सवयीनं.
मग राहू दिला आरसा तसाच,
आणि गेटपर्यंत
मान जरा खाली घालून गेलो.