आकडे शिकताना

दोलोनची खिंड उतरताना लिंडरोथसाहेबांना उलटी झाली.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
नारिनच्या सांस्कृतिक भवनाच्या पायरीवर
त्यांनी टाय नीट केला, गालांना मूठभर बर्फ चोळला
आणि हसले. तेच हसू,
जे माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर
हिरवळीवर बसलेल्या सगळ्यांनाच आहे.

आत एकशे चाळीस माणसं. शेगडी एक.
कुणी कोट काढलेला नाही, वीज सकाळपासून नाही.
पडद्यावर दाखवायची चित्रं डब्यातच राहिली,
म्हणून साहेब हातांनीच दाखवू लागले:
एवढं मोठं ग्रंथालय, एवढ्या उंच खिडक्या,
रात्री दोनलाही दिवे चालू.
मी मागोमाग आमच्या भाषेत
एकेक खिडकी उघडत गेले.

शिक्षणशुल्क नाही, ते म्हणाले. मी म्हणाले.
विमानाचं तिकीट सरकारचं. मी म्हणाले.
वसतिगृह, विमा,
शिवाय थंडीच्या कपड्यांसाठी वेगळा भत्ता.
इथे अख्खं सभागृह हसलं.
माझं काही चुकलं का, त्यांनी हळूच विचारलं.
नाही साहेब. बाहेर उणे बावीस आहे, इतकंच.

मग भूगोलाचा मास्तर जुमाश उठला.
वयाची अट पस्तीस, म्हणाला,
पण माझी जन्मतारीख कारकुनाने ठोकून दिलेली.
मी वरच्या कुरणावर जन्मलो.
आई सांगते, ज्या वर्षी घोडी दोनदा हरवली, त्या वर्षी.
तसा दाखला आणला तर?
साहेबांनी गंभीरपणे वहीत काही लिहिलं.
मी वाकून पाहिलं. त्यांनी घोडी काढली होती.

बुरुलचा, जनावरांची डॉक्टर,
बुटांना अजून जंतुनाशकाचा वास:
उत्पन्नाच्या रकान्यात मेंढ्या लिहिल्या तर चालतील?
आणि हे शेवटचं, बारीक अक्षरातलं,
शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागेल,
ही अट आहे की शिक्षा?
शेवटचा शब्द मी तोंडात धरून ठेवला,
कुरुताच्या खारट गोळीसारखा,
विरघळेपर्यंत.
साहेबांपर्यंत फक्त अट पोचली.

ते म्हणाले, संधी सर्वांना खुली आहे.

हे वाक्य मी सात वर्षं, अकरा गावांत उलथंपालथं केलंय.
माझ्या जिभेवर त्याचे काठ झिजलेत,
नदीतल्या गोट्यासारखे.
आज ते ओठांशी येऊन अडलं.
मी त्याच सुरात, मोजून तेवढ्याच लांबीचं बोलले:
या भागातून जागा दोन आहेत.

कुणी उठून गेलं नाही.
शेगडीत काहीतरी फुटलं.
एक म्हातारी, जी नातवाला सोबत म्हणून आली होती,
तिने बोरसोकचं फडकं सोडलं
आणि रांगेत सगळ्यांना एकेक दिला,
जणू कुणाच्या तरी घरून निघायची वेळ झाली.

अर्ज आणले होते साठ.
ज्यांना मिळाले नाहीत त्यांना जुमाशने प्रश्न सांगितले,
मुलांनी शाळेच्या वह्यांत उतरवून घेतले,
शुद्धलेखनाच्या तासाला घेतात तसे:
आपण हाच विषय का निवडला. स्वल्पविराम नाही.
आपण पाच वर्षांनी कुठे असाल. प्रश्नचिन्ह.
बुरुलचा लिहीत नव्हती.
ती कोपऱ्यातल्या लहानग्याच्या
हातमोज्याची सुटलेली वीण गाठवत होती.
अर्ज मात्र घडी करून बुटात.

परतताना अंधार. गाडीत काच पुसत
साहेब म्हणाले, तुमची भाषा शिकतोय मी.
सध्या आकडेच.
मी खिडकीबाहेर पाहिलं.
एकी म्हणजे दोन ना?
हो साहेब.
बराच वेळ नुसता चाकांच्या साखळीचा आवाज.

माझ्या वर्षीही जागा दोनच होत्या.
यादी फळ्यावर लागली होती, खडूने,
माझं नाव त्या दोघांच्या लगेच खाली,
आणि मधे एक रेघ.

बिर, साहेब घोकत होते. एकी. उच.
उचवर अडले. पुढचा आठवेना.
मीही सांगितला नाही.