साल

खानापूरच्या सरकारी दवाखान्यात, खोली नंबर नऊ,
मी ईसीजी काढते.
जेल संपलं की पाणी लावते.
गळ्यातलं लिंग, ताईत, क्रूस, जे असेल ते
हळूच खांद्याकडे सरकवते
आणि म्हणते, हलू नका, अल्लाडबेडी,
दोन्ही एकाच दमात,
म्हणजे विचारायला नको कोण कुठला.

मष्णू भरमाणी, वय बासष्ट, जांबोटीच्या पलीकडचे.
पहिल्या गाडीनं आले.
शर्ट काढायच्या आधी पिशवीतून पुडकं काढलं,
कन्नड पेपरात मराठी झाड :
बाहेरून करडी, आतून हिरडीसारखी गुलाबी.
"अर्जुन," ते म्हणाले.
"होळे मत्ती," दारातून गंगव्वा सिस्टर.
तिच्या भाषेत झाडाच्या नावातच नदी आहे.

"मलप्रभेच्या काठाला आहे की ओ.
उगवतीच्या बाजूनंच काढायची, वीतभर.
सगळीकडनं सोललं तर झाड जातंय.
दोन वर्षांत साल परत येते,
हात लावून बघा, कळणार पण नाही."

कागद सरसरत आला.
तिसऱ्या ओळीत रेघ खाली गेली होती,
खोल, रुंद, जुनी.
"कधी दुखलं होतं?"
"गेल्या साली, नाचणी लावताना. पित्त म्हटलं."

डॉक्टर मुतगेकर कागद खिडकीशी धरून बघतात,
उजेड असला तरी आणि नसला तरी.
"साल खोटी नाही," ते म्हणाले,
"अभ्यास झालेत. थोडी माणसं, थोडे महिने.
कुणाची छाती कमी दुखली,
कुणी एखादा जिना जास्त चढला.
पण त्यानं माणूस जास्त जगतो का,
ते अजून नीट मोजलेलं नाही."
"मोजलं नाही म्हणजे खोटंच झालं की."
"मोजलं नाही म्हणजे मोजलं नाही."

मला क्वार्टरच्या कुंपणावरची बिट्टी आठवली.
पिवळी, बारमाही, कुणी पाणी घालत नाही.
परवाच्या उन्हाळ्यात एका पोरानं खेळता खेळता बी चावली.
त्या रात्री माझ्या यंत्रावर रेघ
लंगड्या शेळीसारखी चालली,
थांबायची, मागं बघायची, परत चालायची.
(पोरगं वाचलं. आता चौथीत आहे.)
तीही झाडच. तीही थेट हृदयापर्यंतच जाते.
आणि सर्पगंधा? आमच्याच रानातली,
बीपीची गोळी होऊन जगभर गेली,
रक्त खाली आणलं
आणि काहींचं मनही.
झाडपाला आहे, अपाय नाही,
असं कुणी म्हणालं की मी फक्त चिकटपट्ट्या मोजते.

"गोळ्या चालू आहेत ना?"
मष्णूमामा छताकडे बघत राहिले.
"सोडल्या. सालीनं बरं वाटतंय."

डॉक्टर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं, असं वाटलं मला.
"साल घ्यायची का नाही ते नंतर बघू.
गोळी सोडायची नाही.
आणि दोन्ही घेणार असाल
तर माझ्यापासून लपवून नाही."

मी छाती पुसत होते.
डाव्या बाजूला, बोटांखाली, ती जागा.
सांगणार होते :
मामा, झाडाची परत येते.
इथली आली नाही.
सांगितलं नाही. बटणं लावू दिली.

फॉर्मवर 'इतर औषधे' असा रकाना आहे,
त्यात सगळ्यांच्या नावापुढं 'नाही' लिहायची सवय.
आज लिहिलं : अर्जुन साल, दुधात उकळून, रोज.
खाली गंगव्वाकडून कन्नडमध्ये.
"किती घेता?"
"मूठभर."
"म्हणजे किती?"
त्यांनी हात पुढं केला, हेच उत्तर असल्यासारखा.

मग औषधवाल्याचा काटा मागून आणला.
एक मूठ : अठरा ग्रॅम.
परत भरा म्हटलं.
तेवीस.

दोन्ही आकडे लिहून ठेवलेत.