कड

परळला तिसऱ्या मजल्यावर माझी खोली,
खोलीत उणे बावीसवर चालणारं यंत्र,
यंत्रात पातं.
सत्तावीस वर्षं त्या पात्यावर
माणसं कापते आहे मी,
पाच-पाच मायक्रॉन.

वरून डबी येते.
लिफ्ट बंद असली की मेघश्याम जिन्याने धावत आणतो.
तुकड्याला दोरा: लांब टोक बाहेरचं, आखूड टोक वरचं.
गोठव, काप, काचेवर उचल, रंगव.
वीस मिनिटं.
तोवर पाचव्या मजल्यावर डॉक्टर दस्तूर
हातमोजे छातीशी धरून उभ्या,
आणि इंटरकॉमवर एकच प्रश्न:
“कड काय म्हणते?”

कड काही म्हणत नाही.
आजार इथे संपला असं आपण ठरवतो, ती कड.
आईने कडेवर घेतलं, त्यातली कड.
सासऱ्यांनी भांडणात एकदाच माझी घेतली, तीही.
असं काहीबाही सुचतं
गारठ्यात हात घालून बसलेल्या बाईला.

आज मलाच वर बोलावलं.

टेबलावर हरेश्वर तांडेल, एकोणसाठ,
ससून डॉकला मासळीचा लिलाव पुकारणारे.
जिभेच्या डाव्या अंगाला गाठ.
सही करताना म्हणाले होते,
“काय कापायचं तं कापा. पन बोली राखा.”
बोली म्हणजे भावाची की तोंडची,
कुणी विचारलं नाही.

गाठ निघालेली. उरलेल्या जिभेवर
यंत्राचा हात एक नळी टेकवतो,
पेन्सिलीएवढी.
भाकरी शेकली का पाहताना बोट टेकतं
त्याहून हलकी.
नाडी उडाली की हात उडतो,
श्वासासोबत मागे सरतो.
दस्तूरांचा हात दगडासारखा स्थिर,
पण स्थिर हाताचं इथे काम नाही;
जीभ हलेल तसा हलणारा हवा.

शिरेतून पिवळा रंग सोडलेला.
पडद्यावर राखाडी उजेड,
चौकोनाला चौकोन जोडत जाणारा.

आणि पेशी.
ओळखीच्याच. लाखोंनी पाहिल्यात,
जांभळ्या, गुलाबी, काचेखाली चपट्या.
पण ह्या हलत होत्या.
एका बारीक वाटेने रक्ताचे काळे ठिपके
एकामागे एक चालले होते,
कुठलीही घाई नसल्यासारखे.
सत्तावीस वर्षांत
मी एकही पेशी जिवंत पाहिली नव्हती.

मागच्या बाजूला, आमच्या डोळ्यांना साफ वाटलं तिथे,
यंत्र थबकलं.
पाच-सहा वाट चुकलेल्या, वेड्यावाकड्या.
खरंच होत्या.
दस्तूरांनी तेवढं काढलं, काही बोलल्या नाहीत.

मग पुढे, टोकाकडे, पुन्हा तांबडी रेघ.
“इथूनही चार मिलिमीटर,” यंत्रावरचा ऋत्विज म्हणाला.
चार मिलिमीटर म्हणजे
‘ल’ कदाचित. ‘र’ नक्की.
कात्री वर, नजर माझ्याकडे.

“लाळग्रंथी आहे,” मी म्हटलं.
“गर्दी दिसते, पण बघा, मध्ये जागा सोडून
गोल बसल्यात सगळ्या.”
“नक्की?”
हा शब्द आमच्या फॉर्मवर नाही.
“तांदळाएवढा तुकडा द्या. मी खाली जाते.”

लिफ्ट बंद होती.
या वयात डबी घेऊन मीच धावले.

उणे बावीस. पातं. काच. रंग.
मघाच्याच त्या,
आता माझ्या सवयीच्या झालेल्या,
गोल बसलेल्या, गप्प.
माझं बरोबर होतं.
तरी क्षणभर
फोनवर हात ठेवून नुसती बसले.

“कड मोकळी.”

नोंदवहीत तेवढंच लिहिलं.
नाव, वेळ, बाजू, निष्कर्ष, सही.
हलत होत्या,
याला रकाना नाही.